झ्युरिकचा कौल

‘‘थंय बांगडो केवढ्याक गावता?’’

सासूबाईंनी विळीवरची नजर न उचलता विचारलं. परातीत ताजे बांगडे होते आणि त्यांचा हात सवयीनं चालला होता.

‘‘तिथं बांगडा मिळत नाही, आई.’’

‘‘मगे काय गावता?’’

‘‘दुसरे मासे असतात. बर्फातले, तुकडे करून डब्यात भरलेले.’’

‘‘तेंचो भाव सांग.’’

कचेरीतल्या एकीकडून मला तो कळला होता. मी सांगितला. सासूबाईंनी हातातला बांगडा अलगद परातीत ठेवला, जणू तोच महाग झाला.

‘‘त्या शारातली मांजरा काय खातत गो?’’ मग त्यांनी विचारलं.

मी हसले. हसू पुरतं ओठांवर आलंही नाही तोच वार आठवला. शुक्रवार होता. सोमवारी मला उत्तर द्यायचं होतं.

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात. मी कान घडवते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानात बसवतात ते यंत्र असतं ना, त्याचं बाहेरचं कवच. डॉक्टर कानात मऊ लगदा भरून साचा घेतात, त्याचं चित्र माझ्या संगणकावर येतं, आणि ते टोचू नये, निसटू नये, शिट्टी मारू नये असं मी घासूनपुसून बेतते. हात न लावताच. माझं शिक्षण बारावी. म्हापशाच्या त्या कचेरीत लागले तेव्हा मी फक्त आलेली पाकिटं फोडायचे. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या मुली डबा खात, मी रिकाम्या संगणकावर बसून लोकांचे कान उलटेसुलटे करून बघत असे. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी थांबवलंही नाही. पुढे मीच शिकवायला लागले. आणि चाळिशी उलटल्यावर एका दुपारी साहेबांनी बोलावून सांगितलं, झ्युरिकच्या मुख्य कचेरीत दोन वर्षं येशील का, तिथल्या नव्या मुलांना तुझा हात दाखवायला.

पगाराचा आकडा ऐकून घरात सगळ्यांचे डोळे मोठे झाले. तिथलं घरभाडं ऐकून ते होते तेवढे झाले. विम्याचं ऐकल्यावर बारीक. सगळ्यांनी मिळून जायचं म्हटलं तर मी कमवायचं आणि त्या शहरानं दारातच उभं राहून ते काढून घ्यायचं. एकटी गेले, भिंतीतून ओढून काढायच्या पलंगाच्या खोलीत राहिले, तर मात्र लेकीचं शिक्षण निघत होतं. लेक बेळगावला वसतिगृहात. ‘‘आई, जा गं, विचार काय करतेस,’’ म्हणून ती फोनवर मोकळी झाली होती. तिच्या वयाला तेच शोभतं.

राहता राहिला माझा नवरा.

जयवंतचं बांद्याच्या बाजारात मोटर वाइंडिंगचं दुकान. शेतातले पंप जळतात, लोक ते स्कूटरवर घालून आणतात, आणि तो आतली जळकी तार काढून नवी भरतो. तारेचे वेढे मोजून घालावे लागतात. एक चुकला तर मोटर पुन्हा जळते. म्हणून तो मोजत असताना बोलायचं नाही, हा आमच्या संसाराचा पहिला नियम. ह्या नियमाचा त्याला किती आधार आहे ते मला त्या आठवड्यात कळलं.

मंगळवारी कचेरीला दांडी मारून मी मुद्दाम दुकानात गेले.

‘‘अहो, तुमचं काय म्हणणं आहे ते एकदा सांगा तरी.’’

त्यानं बोट वर केलं. मोजतोय.

मी स्टुलावर बसून राहिले. ओठ हलत होते, तार गुंडाळली जात होती. संपलं एकदाचं. त्यानं गाठ मारली आणि मान न वळवताच दुसरं रीळ उचललं.

‘‘हे झाल्यावर बोला,’’ मी म्हणाले.

‘‘तू म्हणशील तसं,’’ तो म्हणाला.

‘‘मी म्हणेन तसं तर मी रोज ऐकतेय. तुम्ही काय म्हणता?’’

‘‘तुझी नोकरी. तुझं डोकं. मी काय म्हणणार? मला त्या कानातलं काय कळतं?’’

‘‘कानाचं विचारत नाहीये मी.’’

त्याचं बोट परत वर गेलं.

कुणी ‘जाऊ नको’ म्हणालं असतं तर मी भांडले असते. भांडण्यात मी बरी आहे. माहेर मिरजेचं, तिथं भांडणाला वेगळी जागा करावी लागत नाही, ते जेवणाच्या पानावरच वाढतात. इथं कोकणात मात्र कुणाला काही मागायचंच नसतं. सासू माशांचा भाव विचारते, नवरा वेढे मोजतो, आणि आपण मोकळ्या सुटलेल्या फाटकासारखं वाऱ्यावर इकडेतिकडे आपटत राहायचं. रस्त्यानं येताना मला वाटायचं, मी गेले तर ह्या घरात माझ्या जागी काय उरेल? पाण्यातून हात काढल्यावर उरतं तेवढंच? त्या आठवड्यात एका म्हाताऱ्याच्या डाव्या कानाला उजवा समजून मी अख्खी दुपार घडवत बसले होते.

आणि बुधवारी संध्याकाळी जयवंत नेहमीपेक्षा उशिरा घरी आला, पाय धुतले, पंच्यानं बोटांच्या बेचक्या पुसत पुसत म्हणाला, ‘‘तू जा. चांगली संधी आहे. माझं काही अडत नाही.’’

विचारत होते तेच उत्तर मिळालं होतं. स्वच्छ, एका वाक्यात. मी आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं, आणि ते इतकं मळलं की सासूबाईंनी परात काढून घेतली.

तर शुक्रवारी बांगडे साफ करून झाल्यावर त्या उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, ‘‘आयतवारी देवळात जाऊया. कौल लावूया. तुमच्यान काय होणा नाय, तर देवाक तरी इचारू.’’

‘‘आयतवारी माका काम आसा,’’ जयवंत ओटीवरून म्हणाला. इतक्या घाईनं तो त्या आठवड्यात काहीच बोलला नव्हता.

‘‘देवापेक्षा मोठा काम खंयचा? कोणाचो पंप जळलो?’’

तो ओटीवरून उतरून अंगणात गेला.

मला कौलाची सवय नव्हती. आमच्याकडे देवाला नवस बोलतात, धाक घालतात, पण असं समोरासमोर विचारत नाहीत. इथं मात्र विहीर खणायची, सोयरीक जमवायची, दुकानाची जागा घ्यायची, सगळं गावदेव रवळनाथाला विचारून. गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, मोठ्यानं प्रश्न घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कधी लगेच पडते, कधी तासभर माणसांना ताटकळत ठेवते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ह्यावर चिकार हसले होते. त्या रविवारी हसू आलं नाही. माझ्या दोन वर्षांचं काय ते एक भिजलेली पाकळी ठरवणार, ह्याचा राग यायला हवा होता, आणि मला तर चक्क हायसं वाटत होतं. निदान कुणीतरी हो-नाही म्हणेल. पण देवळाची पायरी चढताना पुन्हा भीती वाटायला लागली. उजवी पडली तर जावं लागेल. डावी पडली तर राहावं लागेल. ह्यातलं कशाला जास्त भितेय ते मला सांगता आलं नसतं.

बाबली गुरव नुकताच देवाला न्हाऊ घालून उठला होता. हडकुळा माणूस, आवाज मात्र ओढ्यापलीकडच्या शेतात जाईल असा. सभामंडपात दोन बायका फुलं निवडत होत्या आणि खांबाला टेकून दादू मेस्त्री बसले होते, जे तिथं रोजच बसतात.

‘‘बस, बस. काय काम काढलास?’’ बाबलीनं सासूबाईंना विचारलं.

‘‘कौल लावूचो आसा. ही हेमा परदेशात जावक बघता, कामाक. जाव की नको, इतक्याच इचार.’’

बाबलीनं हातातला तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या जयवंतकडे.

‘‘परत?’’ तो म्हणाला.

‘‘परत म्हंजे काय?’’ सासूबाई.

‘‘ह्यो बुधवारी येवन गेलो मगो. दुकान बंद करून. तेवा लावललंय ना कौल.’’

मी मागे वळले. जयवंत मंडपाच्या वाशांकडे बघत होता, जणू तिथं कुणी त्याच्यासाठी तार गुंडाळून ठेवली होती.

‘‘ताच इचारूक नाय मी,’’ तो म्हणाला.

‘‘ता खरा,’’ बाबली म्हणाला. ‘‘तेचा इचारणा वेगळा होता.’’

‘‘काय इचारल्यान तेणा?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘बाबली,’’ जयवंत म्हणाला.

‘‘देवासमोर बोललेला देवासमोर सांगूक हरकत कसली? चोरून थोडाच इचारलंस?’’ बाबलीनं घसा साफ केला आणि आपल्या नेहमीच्या, ओढ्यापलीकडे जाणाऱ्या आवाजात सांगितलं, ‘‘‘ही गेल्यार माझा एकट्याचा निभात काय,’ असा इचारल्यान.’’

फुलं निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

‘‘मगे?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘डावो इलो. लगेच. मी म्हटलंय पाकळी नीट लागली नसात, म्हणान दुसऱ्यांदा लावलंय. परत डावो.’’

मी बुधवारची संध्याकाळ पुन्हा मनात मांडून बघितली. तो उशिरा आला होता. पाय धुतले होते. बेचक्या पुसल्या होत्या. म्हणजे इथून तसाच घरी येऊन तो मला ते वाक्य म्हणाला होता.

‘‘तुम्ही मला म्हणालात, तुमचं काही अडत नाही,’’ मी म्हणाले.

‘‘मग काय म्हणायचं होतं?’’ तो वाशांशीच बोलला. ‘‘देव नको म्हणतो, म्हणून राहा? राहिली असतीस तू. आणि मग रोज त्या म्हापशाच्या बसमधून उतरताना माझ्याकडे बघितलं असतंस. ते तर मला अजिबात निभलं नसतं.’’

‘‘पण मला सांगायचं तरी.’’

‘‘काय सांगू? ह्या वयात? मला करमणार नाही म्हणून? लोक हसतील.’’

‘‘आमी खंय हसलंव?’’ खांबाजवळून दादू मेस्त्री म्हणाले.

‘‘तुमी गप रवा,’’ सासूबाईंनी त्यांना बसवलं आणि लेकाकडे वळल्या. मला वाटलं आता त्या रडतील. त्यांनी पदर मुठीत आवळला होता. पण तो संताप होता.

‘‘एकटो म्हणान सांगलंस देवाक? तू एकटो? मी खंय गेललंय? मी घरात काय आसंय, खुट्याक बांधलेली म्हस?’’

‘‘आये, तसा नाय...’’

‘‘मगे कसा? सकाळी चाय कोण करता? तुझो ताप कोण उतरयता? ही सकाळची म्हापशाक जाता ती दिवे लागले की येता, तवसर तुझ्यावांगडा कोण आसता, दादू मेस्त्री?’’

‘‘माका मध्ये घेव नको,’’ दादू मेस्त्री म्हणाले.

‘‘देवान बरोबर सांगल्यान. एकट्याचा तुझा निभाचाच नाय. मेल्या, तुका साधी भाजी परतूक येणा नाय. पण इचारलंस चुकीचा. आवस जिती आसताना एकटो म्हणान इचारलंस तर डावो नाय येवचो तर काय येतलो?’’

बाबली गुरवानं मान डोलावली. त्याच्या धंद्यात ही चूक त्यानं पुष्कळ वेळा पाहिली असावी. ‘‘इचारणा चुकला,’’ तो म्हणाला. ‘‘देवाचो दोष नाय.’’

‘‘तर आता बरोबर लाव,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘ता जमाचा नाय. दोनदा डावो इलो त्या कामाक तिसऱ्यांदा पाकळी लावची नाय. देव म्हंजे काय ग्रामपंचायत, ठराव फिरवूक?’’

‘‘मग आता काय करायचं?’’ मी विचारलं. सोमवार अगदी अंगावर आला होता, आणि माझ्या हातात पाकळीसुद्धा उरली नव्हती.

‘‘गाऱ्हाणा घालू,’’ बाबली म्हणाला. ‘‘इचारूचा नाय. सांगूचा. आमचा असा असा ठरला, तू पाठीशी रव. पण वयनी, त्येका आधी ठरला पायजे. काय सांगू देवाक? तुमी बोला.’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतके दिवस मी एकेकाला विचारत फिरत होते, तेव्हा कुणी तोंड उघडत नव्हतं. आता सगळ्यांची तोंडं मिटली होती ती माझ्यासाठी.

मी जयवंतकडे बघितलं. अखेर तो वाशांवरून खाली उतरला होता. डोळे लाल होते आणि कानाच्या पाळ्यासुद्धा. इतकी वर्षं परक्यांचे कान घडवले, पण ह्याचे कान लाज वाटली की आधी पाळीपासून लाल होतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि मग माझं मलाच कळलं. मला कुणाची परवानगी नकोच होती. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतंय, एवढं एकदा ऐकलं की मला जाता येणार होतं.

‘‘मी जाते म्हणून सांगा,’’ मी म्हणाले.

बाबलीनं हात जोडले, पाषाणाकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. गाऱ्हाण्याची पद्धत अशी की गुरव एकेक वाक्य देवाला सांगतो आणि जमलेले सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात.

‘‘बा देवा रवळनाथा, बारा पाचाच्या देवा म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘आज ह्या ठिकाणी ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत, ती मान्य करून घे...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘ही जी तुझी सून आसा, ती कामाधंद्याक झुरीक की काय त्या शारात चालली हा. थंय म्हागाई आसा...’’

‘‘बांगडो गावणा नाय,’’ सासूबाईंनी भर घातली.

‘‘...बांगडो गावणा नाय, आपला म्हणूचा असा कोण नाय, त्या ठिकाणी तिच्या पाठीक उभो रव, म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘दोन वर्सा ती घराभायर रवतली, त्या दोन वर्सांत हयसरल्या माणसांक सांभाळून घे, म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

बाबली थांबला. त्यानं हात तसेच जोडलेले ठेवून मान थोडी तिरकी केली.

‘‘एक आवाज कमी येता,’’ तो म्हणाला.

कुणाचा, ते सांगायला लागलं नाही. माझ्या उजव्या अंगाला उभा होता तो माणूस ओठ मिटून होता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाईंनी त्याच्या दंडाला धरलं, पण ओढलं नाही.

‘‘गाऱ्हाणा अर्ध्यार ठेवचा नसता,’’ बाबली हळू आवाजात म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. ‘‘मनात नसात तर आत्ताच सांग. मी देवाक सांगतंय, चुकला म्हणान.’’

बाहेर कुणाची तरी स्कूटर आली, थांबली आणि गेली. मी जोडलेल्या हातांच्या बोटांकडे बघत होते. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येणार नाही. मी भांडले असते, की पदर खोचून घरी जाऊन पीठ मळलं असतं?

‘‘ता परत म्हण,’’ जयवंत म्हणाला.

‘‘खंयचा?’’

‘‘दोन वर्सांचा. पण ती परत येतली ता आधी घे. जावचा मागसून.’’

बाबलीनं डोळे मिटून क्षणभर शब्द जुळवले. गाऱ्हाण्याला अशी उलटी मांडणी बहुतेक कुणी मागितली नसावी. मग त्यानं आवाज लावला.

‘‘ही तुझी सून परत येतली हा, म्हाराजा...’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ जयवंत म्हणाला. एकटाच, इतर कुणी तोंड उघडायच्या आधी.

‘‘अरे, माझा सांगान तरी होव दी. ...परत येतली हा, म्हणान ती दोन वर्सांसाठी...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘...घराभायर जाता हा, त्या वर्सांत...’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. दादू मेस्त्रींनी खांब सोडला आणि हात जोडून उभे राहिले. बाबलीनं मग आपल्या हिशेबानं वाक्यं तोडायचं सोडून दिलं आणि जयवंत म्हणेल तिथं थांबत थांबत तो पुढे गेला. वाटेचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, माझ्या डोळ्यांचं, त्याच्या जेवणाचं. प्रत्येक ठिकाणी जयवंतचा आवाज सगळ्यांच्या पुढे पडत होता, मोठा आणि फाटका. माझा मात्र फुटतच नव्हता. मी ओठ हलवत होते, इतकंच.

बाबली गुरवानं एकदा माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी आवाज कमी आल्याचं त्यानं बोलून दाखवलं नाही.